शाळेची नवी इमारत आणि मतपत्रिकेवरचा प्रश्न: एका सल्लागार सेवेचा अनुभव

जुन्या ठाण्यातील आमच्या अनुदानित मराठी शाळेच्या पुनर्बांधणीसाठी संस्थेने गेल्या वर्षी एका प्रकल्प सल्लागाराची नेमणूक केली. इमारतीची तपासणी करून घेणे, आराखडा व अंदाजपत्रक तयार करणे आणि त्यावर सभासदांचे मतदान घडवून आणणे, अशी तिन्ही कामे त्यांच्याकडे होती. मी या शाळेची माजी विद्यार्थिनी, संस्थेची आजीव सभासद आणि बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेली आहे. शाळेचे किंवा सल्लागारांचे नाव येथे देत नाही, कारण मला सांगायचे आहे ते सेवेच्या पद्धतीविषयी, आणि ठाणे-नवी मुंबईतील ज्या संस्था लवकरच याच वाटेने जाणार आहेत त्यांना ते उपयोगी पडावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तपासणीचे काम उत्तम झाले. खांबांमधून काँक्रीटचे नमुने काढून त्यांची ताकद प्रयोगशाळेत मोजली गेली आणि गंजून फुगलेल्या लोखंडाची छायाचित्रे अहवालात वर्गखोलीच्या क्रमांकासह लावली गेली. अहवाल मराठीत होता. त्यानंतर एका रविवारी चित्रकलेच्या वर्गात सर्व नकाशे टांगले आणि नियोजित वर्गखोलीचे माप मैदानावर फक्कीने आखून दाखवले. पालक त्या चौकटीत उभे राहून बाके कशी बसतील याचा अंदाज घेत होते. नकाशा वाचता न येणाऱ्या माणसाला आपले मत बनवण्याची संधी देणारी याहून सोपी रीत मी पाहिलेली नाही.

येथे थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. अनुदानित शाळेला शासनाकडून शिक्षकांचे वेतन आणि काही वेतनेतर अनुदान मिळते, परंतु इमारत उभी करण्याची जबाबदारी संस्थेचीच असते. प्रवेशाच्या बदल्यात देणगी घेण्यास १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याने मनाई आहे. उरतात त्या जुन्या ठेवी, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या आणि कर्ज. कर्जासाठी विश्वस्त संस्थेची मिळकत तारण ठेवायची तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६अ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. आमच्या घटनेनुसार कार्यकारी मंडळ हा निर्णय स्वतःच्या अधिकारात घेऊ शकले असते. एवढा मोठा खर्च सभासदांना विचारल्याशिवाय करायचा नाही, असे मंडळाने आपण होऊन ठरवले, आणि ते मला योग्य वाटले. घसरती पटसंख्या, घोडबंदर रोड आणि बदलापूरकडे सरकलेली मराठी कुटुंबे आणि पुढच्या पिढीवर पडणारे हप्ते यांचा विचार पंधरा जणांच्या बैठकीत उरकण्यासारखा नाही.

माझी खरी तक्रार मतपत्रिकेविषयी आहे. विशेष सर्वसाधारण सभेच्या दहा दिवस आधी सल्लागारांनी तिचा जो मसुदा पाठवला, त्यावर एकच वाक्य होते: ‘शाळेच्या धोकादायक इमारतीच्या जागी प्रस्तावित सात मजली संकुल बांधण्यास माझी संमती आहे / नाही.’ या एका वाक्यात वर्गखोल्या होत्या, चारशे आसनांचे सभागृह होते, दुमजली वाहनतळ होता आणि तेरा कोटींचे कर्जही होते. ‘नाही’ वर खूण करणारा सभासद आपोआप मुलांना धोकादायक छताखाली बसवणारा ठरत होता. सभेत आमच्या एक निवृत्त बाई उभ्या राहिल्या आणि अध्यक्षांना म्हणाल्या, “सर, छत पडू नये याला माझी संमती कशाला विचारता? ती तुम्ही गृहीत धरा. मला सभागृहाचे विचारा.”

बाईंनी नेमके बोट ठेवले. तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ नुसार बंधनकारक आहे. इमारत वापरण्याजोगी आहे की नाही हे अभियंता काँक्रीट तपासून ठरवतो, आणि बहुमताने त्यात काहीही बदलत नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधील बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे गेली, हे ठाणेकर विसरलेले नाहीत. १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणमच्या शाळेत लागलेल्या आगीत ९४ मुले दगावली. अशा गोष्टी मताला टाकायच्या नसतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सांगितलेली अडथळाविरहित वाट, मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहे आणि पिण्याचे पाणी यांनाही हेच लागू आहे. मत मागायचे ते त्यापलीकडच्या खर्चासाठी: किती मोठे, किती कर्जाने आणि कशाच्या आधी काय.

सल्लागारांना ही फोड कळत नव्हती असे मी म्हणणार नाही. मात्र त्यांचे शुल्क प्रकल्पखर्चाच्या टक्केवारीने ठरले होते, म्हणजे सभागृह वगळले की त्यांचे उत्पन्नही घटत होते. जो आराखडा करतो त्यालाच मतपत्रिकेचे शब्द लिहायला देणे ही मुळात आमच्या संस्थेची चूक होती. कर्ज विभागात असताना प्रकल्प अहवाल तयार करणाऱ्याकडून आम्ही कधीही मंजुरीची टिप्पणी लिहून घेतली नाही.

गंमत म्हणजे ठाण्यातील माणसाला इमारतीसाठी मतदान करणे अजिबात नवीन नाही. गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासासाठी सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खालील ४ जुलै २०१९ चे निर्देश आहेत आणि त्यांत गणपूर्ती, ५१ टक्के सभासदांची संमती, सभेचे चित्रीकरण आणि निबंधकांच्या प्रतिनिधीची उपस्थिती ठरवून दिलेली आहे. वॉर्डातील दारूचे दुकान बंद करण्यासाठी महाराष्ट्रात उभी बाटली की आडवी बाटली असे मतदान घेतले जाते, आणि स्वाक्षरी करू न शकणाऱ्या आजीलाही आपण कशावर शिक्का मारतो आहोत ते चित्रावरून समजते. शाळेच्या इमारतीसाठी मात्र अशी कोणतीही ठरलेली चौकट नाही, त्यामुळे सल्लागार देईल तीच पद्धत ठरते.

अमेरिकेत अनेक राज्यांत शाळेच्या इमारतींसाठी रोखे काढून कर्ज उभारायचे तर स्थानिक मतदारांची मंजुरी घ्यावी लागते. कॅलिफोर्नियात अशा रोख्यांना पूर्वी दोनतृतीयांश मते लागत. २००० साली प्रपोझिशन ३९ या मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्तावाने ही अट ५५ टक्क्यांवर आणली, पण बदल्यात कामांची नेमकी यादी आधी जाहीर करणे, दरवर्षी लेखापरीक्षण करणे आणि नागरिकांची देखरेख समिती नेमणे बंधनकारक केले. त्या समितीवर कर्मचारी, पुरवठादार किंवा कंत्राटदार बसू शकत नाही. टेक्सासने २०१९ मध्ये याहून स्पष्ट पाऊल उचलले आणि शालेय रोख्यांच्या मतपत्रिकेवर ही मालमत्ता करातील वाढ आहे असे छापणे सक्तीचे केले. तेथे हे कर्ज मालमत्ता करातून फिटते आणि भार प्रत्येक मालमत्ताधारकावर पडतो, म्हणून मूल शाळेत नसलेलाही मतदार असतो. आमच्याकडे स्थिती उलटी आहे: मताचा अधिकार आजीव सभासदांना, ज्यांपैकी अनेक जण आता पुण्यात किंवा बोरिवलीत राहतात, आणि ज्यांची मुले रोज जिना चढतात त्या पालकांना मत नाही. मला हे खटकते. संस्थेच्या घटनेत बदल होईपर्यंत पालकांचे मत निदान वेगळे मोजून सभेपुढे ठेवावे, अशी सूचना मी लेखी दिली.

अंदाजपत्रकातही दोन मोठ्या जागा रिकाम्या होत्या. बांधकामावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर तळटीपेत ‘लागू असल्यास’ म्हणून ढकलला होता आणि काम चालू असताना शाळा कुठे भरवायची याचा खर्च मुळीच धरलेला नव्हता. दुसऱ्या शाळेत दुपारचे अधिवेशन मिळवले तरी भाडे आणि लहान मुलांची ने-आण यांना पैसे लागतात. सभासदांकडून ‘होय’ घेऊन नंतर हे आकडे पुढे आणणे म्हणजे त्यांच्या मताचा अनादर आहे, हे मी सभेत सांगितले आणि येथेही सांगते.

सभा तहकूब झाली. त्यानंतर सल्लागारांनी जे केले त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. तीन आठवड्यांत, जादा शुल्क न मागता, त्यांनी कर व स्थलांतर धरून अंदाजपत्रक नव्याने मांडले आणि मतपत्रिकेचे तीन प्रश्न केले: वर्गखोल्यांची संख्या, सभागृह हवे की नको आणि कर्जाची कमाल मर्यादा. जुनी इमारत रिकामी करण्याचा विषय मतपत्रिकेवरून काढून थेट मंडळाच्या ठरावात गेला. पालकांसाठी पिवळ्या कागदावरची सल्लादर्शक मतपत्रिका निघाली. मोजणी सर्वांसमोर झाली, फळ्यावर खडूने. सभासदांनी वर्गखोल्या मंजूर केल्या, कर्जाची मर्यादा आठ कोटींवर आणली आणि सभागृह नाकारले. पालकांचा कौलही सभागृहाविरुद्धच होता, शिवाय प्रत्येक मजल्यावर स्वच्छतागृह हवे अशी नोंद बहुतेकांनी मतपत्रिकेच्या मागे केली होती. मला स्वतःला सभागृह हवे होते, कारण आमच्या शाळेतील नाट्यस्पर्धेची मुले आजही व्हरांड्यात तालीम करतात. तरीही तो निर्णय मला मान्य आहे.

तांत्रिक कामासाठी ही सेवा मी निःशंकपणे सुचवेन. मतदानाचे काम मात्र संस्थेने स्वतःकडे ठेवावे, शुल्क टक्केवारीऐवजी ठोक रकमेत ठरवावे आणि मतपत्रिकेचा मसुदा प्रकल्पाशी आर्थिक संबंध नसलेल्या दोन-तीन सभासदांकडून लिहून घ्यावा. आमच्याकडे आता पाच जणांची देखरेख समिती आहे, त्यात दोन पालक आहेत, आणि सल्लागारांच्या शुल्काचा पुढचा हप्ता समितीचा पहिला अहवाल सूचना फलकावर लागल्यानंतरच द्यायचा असे करारात लिहून घेतले आहे.