तक्ता तिला पाठ झाला होता

माझ्या मुलीच्या उपचाराचे आठ महिने वाया गेले. ते मीच वाया घालवू दिले. ज्या आईवडिलांच्या हातात आज मुलाच्या डोळ्यावर लावायची पट्टी आहे आणि समोर ‘चष्मा सुटेल’ असं सांगणारं कुणी आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

तिचा उजवा डोळा कमजोर असल्याचं शाळेतल्या तपासणीत कळलं. तेव्हा ती सहा वर्षांची होती. तोवर आम्हाला शंकाही आली नव्हती. ती कुठे अडखळत नव्हती, पुस्तक नाकाशी धरत नव्हती, डोळे दुखतात म्हणून कधी तक्रारही केली नव्हती. डावा डोळा चांगला असल्याने सगळं काम त्याच्यावरच चाललं होतं. डॉक्टरांनी थेंब घालून, बाहुल्या मोठ्या करून नंबर काढला. उजव्याला प्लस साडेचार, डाव्याला प्लस एक. दोन डोळ्यांत इतका फरक असला की मेंदू स्पष्ट चित्र देणाऱ्या डोळ्याचं ऐकतो आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. याला आळशी डोळा म्हणतात, पण त्यात डोळ्याचा किंवा मुलाचा आळस कुठेच नसतो. उपाय दोन सांगितले: चष्मा पूर्ण वेळ, आणि रोज दोन तास चांगल्या डोळ्यावर पट्टी.

पट्टी लावली की ती रडायची. चांगला डोळा झाकल्यावर तिला अंधुक दिसणार, हे मला डोक्याने कळत होतं. पण ‘आई, मला दिसत नाही, काढ ना’ असं ती म्हणाली की माझे हात पट्टीकडे जायचे. त्याच दिवसांत ओळखीतल्या एकीने एक व्हिडिओ पाठवला. चष्म्याविना, पट्टीविना, फक्त व्यायामाने मुलांचा नंबर घालवणारा सहा महिन्यांचा कोर्स.

फोनवर बोलणारी बाई अतिशय गोड होती. “ताई, चांगला डोळा झाकला तर तोही जाईल ना! आणि चष्मा म्हणजे कुबडी. एकदा सवय लागली की नंबर वाढतच जाणार.” तिने मला हवं तेच सांगितलं, आणि मी सगळे पैसे आगाऊ भरले.

कोर्समध्ये डोळे गोल फिरवायचे होते, तळहात डोळ्यांवर धरून बसायचं होतं, आणि बारीक भोकांचा एक काळा चष्मा लावून वाचायचं होतं. चष्म्याचा नंबर डोळ्याभोवतीच्या स्नायूंवर ताण आल्याने लागतो, ही कल्पना विल्यम बेट्स या अमेरिकन डॉक्टरने शंभर वर्षांपूर्वी मांडली होती. तळहाताचा व्यायामही त्याचाच. ती कल्पना चुकीची ठरून जमाना झाला. प्लस नंबर बहुतेक वेळा बुबुळापासून पडद्यापर्यंतचं अंतर कमी असल्यामुळे असतो, आणि डोळे फिरवून डोळ्याची लांबी बदलत नाही. हे मी नंतर वाचलं. आधी वाचायला हवं होतं.

पण मी फसले ती व्यायामांमुळे नाही. मला दर महिन्याला पुरावा दाखवला जात होता, आणि तो पुरावा कसा तयार होत होता हेच मला सर्वांत सविस्तर सांगायचं आहे.

पहिली तपासणी त्यांच्या केंद्रात कॉम्प्युटरवर झाली. उजव्या डोळ्याचा नंबर निघाला प्लस अडीच. “बघा, दोन आठवड्यांत साडेचारचा अडीच!” मला रडूच आलं. त्यांनी थेंब घातलेच नव्हते, हे माझ्या लक्षातही आलं नाही. लहान मुलाच्या डोळ्यातलं भिंग फार लवचीक असतं. प्लस नंबरचं मूल नकळत जोर लावून त्यातला बराचसा नंबर लपवू शकतं. थेंबांनी तो जोर सैल पडतो आणि खरा आकडा बाहेर येतो. म्हणजे तिचा नंबर कमी झालाच नव्हता, मोजण्याची पद्धत बदलली होती.

पुढच्या तपासण्या तक्त्यावर झाल्या. दर वेळी तोच तक्ता. तिसऱ्या महिन्यात ती शेवटून दुसरी ओळ धडाधड वाचायला लागली. कधी दोन्ही डोळे उघडे असायचे, कधी उजव्याची पाळी आली की ती स्वतःच्याच हाताने डावा डोळा झाकायची, आणि बोटांच्या फटीतून बघायची. कधी तो भोकांचा चष्मा लावून वाचायला सांगायचे. बारीक भोकातून येणारा प्रकाश कमी पसरतो, म्हणून नंबर असलेल्या कुणालाही त्यातून तेवढ्यापुरतं जरा स्पष्ट दिसतं. चष्मा काढला की सगळं पूर्ववत.

घरी एका रात्री झोपताना ती त्या ओळीची अक्षरं गाण्यासारखी म्हणत होती. दिवा बंद होता. मी विचारलं, “हे काय म्हणतेस?” ती म्हणाली, “डोळ्यांचा अभ्यास.” तिला वाटत होतं की ओळ चुकली तर आईला वाईट वाटेल. म्हणून तिने ती पाठ केली होती.

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या डॉक्टरांकडे गेलो. उपचार सुरू होताना 6/24 असलेला उजवा डोळा चष्मा लावूनही 6/36 वर गेला होता. म्हणजे चांगल्या नजरेला छत्तीस मीटरवरून जे दिसतं, ते तिला सहा मीटरवर आणावं लागत होतं. डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

दोन तासांच्या पट्टीचं कारणही त्यांनी तेव्हा पुन्हा समजावलं. मध्यम कमजोरी असलेल्या सात वर्षांखालच्या मुलांत रोज दोन तासांची पट्टी सहा तासांच्या पट्टीइतकीच उपयोगी पडते, हे 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत दिसलं होतं. आमची लेक तेव्हा त्याच गटात बसत होती. आता ती त्या गटाबाहेर गेली आहे, आणि पट्टी रोज सहा तासांची आहे. चांगला डोळा पट्टीने बिघडू नये म्हणून डॉक्टर ठरावीक दिवसांनी तोही तपासतात. त्या बाईने ज्याची भीती घातली होती, त्याची काळजी उपचारातच घेतलेली असते.

पैसे परत मागितले तेव्हा केंद्राने मला माझीच सही दाखवली. ‘परिणाम प्रत्येक मुलानुसार वेगळे असू शकतात’ असं बारीक अक्षरात खाली छापलेलं होतं. आम्ही ग्राहक तक्रार केली आहे. पण पैशांचं दुःख मला फारसं नाही. सात-आठ वर्षांपर्यंत मेंदू ज्या सहजतेने शिकतो, तशी सहजता पुढे राहत नाही. मोठ्या मुलांतही सुधारणा होते, म्हणून कुणी ‘आता उशीर झाला’ म्हणून हातपाय गाळू नयेत. पण ते आठ महिने त्या सोप्या वयातले होते.

तुम्हाला कुणी मुलाचा नंबर कमी झाल्याचं दाखवलं, तर आधी विचारा की थेंब घालून मोजला का. तक्ता वाचताना शेजारी उभे राहा, दुसरा डोळा हाताने नव्हे तर पट्टीने बंद आहे ना ते स्वतः बघा, आणि अक्षरं बदलायला सांगा. जो उपचार विकतो त्यानेच सुधारणा मोजायची, अशी सोय असेल तर दुसऱ्या डॉक्टरांकडे तपासून घ्या.

गेल्या आठवड्यात उजवा डोळा 6/18 वर आला. डॉक्टरांनी अक्षरांऐवजी आडव्यातिडव्या खुणांचा तक्ता लावला होता. ती एका ओळीवर अडली, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, “आई, ही नाही दिसत.” मी म्हटलं, “नाही दिसत तर नाही दिसत म्हण, बाळा.”