भोसरीतील प्लेटिंग कारखान्यासाठी घेतलेली सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा : एक अभिप्राय

आमच्या भोसरी एमआयडीसीतील लहान कारखान्यात क्रोम, निकेल आणि झिंक प्लेटिंग होते. जुन्या ईटीपीमध्ये, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रात, सगळे पाणी एकाच टाकीत येई आणि चुना टाकून गाळ बसला की प्रक्रिया झाली, असे धरले जाई. चाकणच्या एका पुरवठादाराकडून देखभाल करारासह घेतलेल्या नव्या बॅच (एका वेळी एक टाकीभर पाणी घेऊन प्रक्रिया करणाऱ्या) यंत्रणेविषयीचे हे मत आहे.

यंत्रांची बोलणी करण्याआधी या पुरवठादाराने प्रत्येक धातूचे पाणी वेगळे करण्याचा आग्रह धरला आणि माझ्या मते खरी किंमत त्या सल्ल्याचीच आहे. षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोम प्लेटिंगच्या पाण्यातील क्रोमियमचे विषारी रूप, चुन्याने खाली बसत नाही. पीएच 2 ते 3 वर आणून सोडियम मेटाबायसल्फाइटने आधी त्याचे त्रिसंयुजी क्रोमियम करावे लागते आणि मग पीएच 8 च्या आसपास नेल्यावर त्याचा हायड्रॉक्साइड गाळ उतरतो. निकेलला 10 च्या वरचा पीएच लागतो, तर झिंक साधारण 9 ते 9.5 ला बसते आणि पीएच फार चढला तर पुन्हा विरघळते. ओआरपी मीटरवर (पाण्याची ऑक्सिडीकरण-क्षपण क्षमता मोजणाऱ्या उपकरणावर) चालणारे, रसायन मोजून सोडणारे डोसिंग पंप हे काम नेटकेपणाने करतात.

इलेक्ट्रोलेस निकेलचे, म्हणजे विजेशिवाय केवळ रसायनांनी होणाऱ्या निकेल प्लेटिंगचे, पाणी मात्र वेगळेच प्रकरण आहे. त्यातील सायट्रेटसारखी द्रव्ये निकेलला धरून ठेवतात, त्यामुळे नुसत्या अल्कलीने मर्यादेत, म्हणजे लिटरला 3 मिलिग्रॅमच्या आत, येणे कठीण होते. त्यासाठी दिलेले डायथायोकार्बामेट हे धातूला बांधून खाली बसवणारे रसायन गुणकारी आहे, पण महाग आहे. शिवाय ‘थोडे जास्त पडले तरी चालते’ हा पुरवठादाराच्या माणसाचा सल्ला मला मुळीच मान्य नाही, कारण उरलेले द्रव्य माशांना घातक असते. प्रत्येक बॅचची जार टेस्ट (थोड्या पाण्यावर भांड्यात वेगवेगळ्या मात्रा टाकून घेतलेली चाचणी) करूनच मात्रा ठरवावी.

देखभाल सेवा मध्यम आहे. पीएच मोजणारे प्रोब (पाण्यात बुडवलेल्या संवेदक कांड्या) लवकर माखतात, परंतु ते बदलण्याचा खर्च करारात नाही आणि ही गोष्ट सही करण्यापूर्वी स्पष्टपणे सांगितली गेली नाही. गाळ दाबून त्यातले पाणी काढणारा फिल्टर प्रेस चांगला असून गाळ बराच कोरडा निघतो. हा घातक कचरा रांजणगावच्या घातक कचरा विल्हेवाट केंद्राकडे वजनावर जात असल्याने तेवढी बचत होते.

ज्यांच्याकडे केवळ साधे झिंक प्लेटिंग आहे, त्यांनी एवढी यंत्रणा घेऊ नये; क्रोम असेल तर जरूर घ्यावी, मात्र प्रोबचे दर करारात लिहून घ्यावेत.