गाऱ्हाणं कुठे मांडायचं? कागदी अर्ज, पोर्टल, लोकशाही दिन, माहिती अधिकार आणि मोर्चा

पंतप्रधानांना पत्र टाकलं की कामं होतात, असं छातीठोक सांगणारा एक माणूस प्रत्येक गल्लीत असतो. दुसरा म्हणतो, आरटीआय टाक, साहेब कसा सरळ येतो बघ. तिसरा आमदारांच्या पीएचा नंबर काढून देतो. तिघांनाही कधीतरी अनुभव आलेला असतो, म्हणून तिघंही ठाम असतात. पण तुंबलेलं गटार, सातबाऱ्यावर चुकलेलं नाव, अडकलेला पीएफचा दावा आणि हायवेमुळे बंद झालेली शेताची वाट ही गाऱ्हाणी चार वेगवेगळ्या टेबलांवर मिटतात. खुर्ची किती मोठी यापेक्षा काम कोणाच्या सहीने होणार, हे आधी शोधावं लागतं.

कारण पत्र कितीही वर पाठवा, ते खालीच उतरतं. गावच्या गटाराबद्दल पंतप्रधान कार्यालयाला लिहिलं तर ते केंद्राच्या पोर्टलवर चढतं, तिथून राज्याकडे, राज्याकडून जिल्हा परिषदेकडे, मग पंचायत समितीकडे येतं आणि शेवटी ग्रामसेवकाच्या हातात पडतं. तो दोन ओळींचा अहवाल लिहितो आणि त्याच ओळी उलट्या वाटेने तुमच्यापर्यंत पोचतात. ज्याच्याविरुद्ध तक्रार, अहवालही त्याचाच. म्हणून वर जाण्याआधी खालचा कागद पक्का हवा.

कागदी अर्ज की पोर्टल

साध्या कागदावरचा अर्ज आज जुनाट वाटतो, पण स्थानिक कामाला मी तोच पहिला ठेवेन. दोन प्रती न्यायच्या, एक बारनिशीला, म्हणजे आवक-जावक टेबलावर, द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्यायचा. “साहेब नाहीत, ठेवून जा” म्हणाले तर ठेवून जाऊ नका. शिक्का मिळत नसेल तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पोच जपून ठेवा. आवक क्रमांक नसलेला अर्ज कार्यालयाच्या लेखी दिलेलाच नसतो.

त्या क्रमांकामागे कायद्याचं बळही आहे, आणि ते फार कमी लोक वापरतात. महाराष्ट्रात 2005 चा एक कायदा आहे. त्याचं नाव लांबलचक, त्यात बदल्यांचं विनियमन आणि कामातल्या विलंबाला प्रतिबंध अशा दोन्ही गोष्टी आहेत. लोक त्याला दप्तर दिरंगाई कायदा म्हणतात. एका कर्मचाऱ्याकडे फाईल सामान्यतः सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असं त्याचं कलम 10 सांगतं. सात दिवसांत काम होईल, असा याचा अर्थ नाही. पण स्मरणपत्रात या कलमाचा उल्लेख आला, की फाईल कोणत्या तारखेपासून कोणाकडे आहे हे लिहून द्यायची वेळ कोणावर तरी येते.

पोर्टलचा फायदा वेगळा आहे. तक्रार क्रमांक लगेच मिळतो, खेपा वाचतात, पुण्यामुंबईत किंवा परदेशात बसून गावच्या घराबद्दल लिहिता येतं. अडचण विभाग निवडण्यात आहे. तो चुकला की तक्रार “या कार्यालयाशी संबंधित नाही” असा शेरा घेऊन निकाली निघते आणि आकडेवारीत झालेलं काम म्हणून मोजली जाते. सामूहिक गाऱ्हाणं असेल, सत्तर-ऐंशी सह्या असतील, तर ते वजन पोर्टलच्या चौकटीत मावत नाही. अशा वेळी आधी कागद द्यावा, मग शिक्का मारलेल्या प्रतीचा फोटो पोर्टलवर जोडावा.

सामूहिक अर्ज ही आपल्याकडची जुनीच रीत. 1875 मध्ये पुण्याच्या सार्वजनिक सभेने हिंदुस्थानला ब्रिटिश पार्लमेंटात प्रतिनिधित्व मिळावं म्हणून हजारो सह्यांचा अर्ज लंडनला धाडला. त्यातून काही निघालं नाही. याउलट 1896-97 च्या दुष्काळात सभेच्या लोकांनी गावोगाव जाऊन सरकारचाच दुष्काळी नियमसंग्रह शेतकऱ्यांना समजावला. पीक एवढं बुडालं तर शेतसारा माफ किंवा तहकूब व्हायला हवा हे तुमच्याच पुस्तकात लिहिलंय, असं लोक म्हणू लागले. सरकारला हे इतकं झोंबलं की 1897 मध्ये सभेशी पत्रव्यवहाराची मान्यताच काढून घेतली. अर्जात “कृपया दयाळू होऊन” लिहिण्यापेक्षा शासन निर्णयाचा क्रमांक लिहिणं आजही जास्त टोचतं.

आपले सरकार की सीपीग्राम्स

ही निवड वाटते तेवढी अवघड नाही. आपले सरकार हे राज्याचं तक्रार पोर्टल, सीपीग्राम्स हे केंद्राचं. राज्याच्या अखत्यारीतलं काम आपले सरकारवर, केंद्राचं सीपीग्राम्सवर. महसूल, पोलिस, जिल्हा परिषद, रेशन, राज्य मार्ग ही राज्याची कामं. रेल्वे, टपाल, पासपोर्ट, भविष्य निर्वाह निधी, राष्ट्रीय महामार्ग, आयकर, सरकारी बँका ही केंद्राची. सीपीग्राम्सवर राज्याचा विषय टाकता येतो, पण केंद्र तो फक्त पुढे ढकलतं. तलाठ्याला जाब विचारण्याचा अधिकार दिल्लीतल्या अवर सचिवाला नाही.

दोन्हीकडे मुदत 21 दिवसांची. सीपीग्राम्सवर पूर्वी ती 30 होती, 2024 मध्ये कमी झाली. केंद्राच्या बाबतीत सीपीग्राम्स मला सरस वाटतं ते अपिलामुळे. तक्रार थातुरमातुर बंद केली तर 30 दिवसांत वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं, तेही घरबसल्या. अपिलात नवं रडगाणं नको. “उत्तरात अमुक म्हटलं आहे, पण सोबतच्या कागदावर तमुक तारीख आहे” एवढंच लिहावं. कौटुंबिक भांडणं, न्यायप्रविष्ट प्रकरणं, माहिती अधिकाराचे विषय आणि नुसत्या सूचना तिथे घेत नाहीत. “पेट्रोलचे भाव कमी करा” ही त्यांच्या दृष्टीने तक्रार नव्हे. कायदा किंवा धोरण बदलावं असं वाटत असेल, तर खासदार-आमदारांमार्फत लोकसभेची याचिका समिती किंवा विधिमंडळाची विनंती अर्ज समिती ही वाट आहे. ती लांबची आहे.

काही ठिकाणी या दोन्हींपेक्षा जवळचा रस्ता असतो. राष्ट्रीय महामार्गावरच्या तातडीच्या अडचणीला 1033, धावत्या रेल्वेत 139. बँकेने तक्रार फेटाळली किंवा 30 दिवस उत्तरच दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. त्याच्याकडे आदेश काढण्याचा अधिकार असतो, पोर्टलवरच्या कारकुनाकडे नसतो.

एक घोळ मात्र नेहमी होतो. “आपले सरकार” या एकाच नावाने दोन वेगळ्या सोयी आहेत. एकीकडे दाखले काढायचे, दुसरीकडे तक्रार करायची. उत्पन्नाचा दाखला अडला म्हणून तक्रारीच्या खिडकीत जाणारे खूप. त्यांच्या हातात खरं तर जास्त धारदार हत्यार असतं, ते पुढे येईलच.

लोकशाही दिन

लोकशाही दिन म्हणजे अधिकाऱ्यांनी गाऱ्हाणी समोरासमोर ऐकण्याचा दिवस. जिल्ह्याचा महिन्याच्या पहिल्या सोमवारी, जिल्हाधिकाऱ्यांसमोर. पोर्टलशी तुलना केली तर इथे एक गोष्ट मिळते जी स्क्रीनवर मिळत नाही. ज्याच्याकडे काम अडलं तो आणि ज्याचा तो हुकूम मानतो तो, दोघं एकाच खोलीत असतात. “भूमी अभिलेख म्हणतं महसूलकडे जा, महसूल म्हणतं भूमी अभिलेखकडे”, अशा दोन खात्यांमधल्या टोलवाटोलवीला यासारखा उपाय नाही. मोजणी, अतिक्रमण, रस्ता, भरपाई ही इथली खरी प्रकरणं.

पण अटी आहेत, आणि त्या न वाचता गेलात तर दिवस वाया. अर्ज विहित नमुन्यात, पंधरा दिवस आधी, गाऱ्हाणं वैयक्तिक स्वरूपाचं. आधी तालुक्याच्या लोकशाही दिनात अर्ज दिलेला हवा. न्यायप्रविष्ट, अपिलातली, सरकारी नोकरीतल्या सेवाविषयक बाबींची आणि आधीच अंतिम उत्तर दिलेली प्रकरणं घेत नाहीत. मजुरी बुडवून जाणाऱ्याने तारीख निवडणुकीच्या आचारसंहितेत अडकली नाही ना, हेही विचारून घ्यावं.

बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात. आजोबांपासूनचा इतिहास सांगू नका. कोणत्या तारखेला काय मागितलं, कोणी काय उत्तर दिलं, आज काय हवंय, बस्स.

माहिती अधिकार आणि सेवा हक्क

माहिती अधिकाराबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज हा की तो तक्रारीचा कायदा आहे. तो नाही. “रस्ता का केला नाही?” असं विचारलं तर “प्रश्नार्थक माहिती देय नाही” असं उत्तर येणार, आणि ते बव्हंशी कायद्याला धरूनच असतं. कार्यालयात जो कागद आहे त्याची प्रत मागता येते. म्हणून प्रश्न असा लिहावा: “माझ्या अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची साक्षांकित प्रत मिळावी.” सुरुवातीचा शिक्का इथे कामाला येतो. पुष्कळदा या अर्जानंतरच मूळ अर्ज फाईलला लागतो, कारण टिपणीचं पान कोरं दाखवायला कोणाला आवडत नाही.

शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा. उत्तर 30 दिवसांत. न आलं तर 30 दिवसांत पहिलं अपील, तेही त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे. इथपर्यंत गाडी बरी चालते. दुसरं अपील 90 दिवसांत माहिती आयोगाकडे, पण आयोगाने ते किती दिवसांत निकाली काढावं याची मुदत कायद्यातच नाही. तिथे वर्ष सहज जातं. दिवसाला 250 आणि जास्तीत जास्त 25,000 रुपये दंडाची तरतूद आहे, तिच्या भरवशावर मात्र बसू नये.

सेवा हक्क कायदा 2015 चा. अधिसूचित, म्हणजे सरकारने यादीत जाहीर केलेल्या, सेवांपुरता तो माहिती अधिकारापेक्षा खूप सरळ आहे. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद अशा सेवांना ठरलेली मुदत असते. ती टळली की तक्रार न करता थेट पहिलं अपील करायचं. मग दुसरं, आणि तिसरं सेवा हक्क आयोगाकडे. दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड. रक्कम किरकोळ वाटते, पण दंड त्याच्या खिशातून जातो. दाखल्यासाठी आरटीआय टाकणारा माणूस म्हणूनच मला लांबच्या वाटेने निघालेला वाटतो. मेहनत तेवढीच, हाती पडतो नुसता कागद, दाखला नव्हे.

मोर्चा, उपोषण आणि “15 ऑगस्टला बसणार”

15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीच्या आधी जिल्हाधिकारी कार्यालयात उपोषणाच्या इशाऱ्यांचे गठ्ठे येतात. त्यांना उत्तर लवकर मिळतं हे खरं आहे, आणि व्यवस्थेला ते शोभणारं नाही. पण मिळतं ते बहुतेकदा पत्र, “सात दिवसांत बैठक लावू” असं. सोबत पोलिसांची प्रतिबंधात्मक नोटीसही येते. ती जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 149 खाली निघायची, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 168 खाली निघते. नोटीस म्हणजे गुन्हा नव्हे, तेव्हा घाबरायचं कारण नाही, पण पोच देऊन प्रत ठेवावी.

मागणी धोरणाची असेल तर एकट्याचं उपोषण कमी पडतं. मार्च 2018 मध्ये हजारो शेतकरी, त्यात बहुसंख्य आदिवासी, नाशिकहून पायी मुंबईला आले. वनजमिनीचे दावे वर्षानुवर्षं तालुक्यात पडून होते, अर्ज देऊन झाले होते. 12 मार्चला सरकारने लेखी आश्वासन दिलं. कोणत्याही पोर्टलला ते जमलं नसतं. तरी अंमलबजावणीसाठी 2019 मध्ये पुन्हा निघावं लागलं, आणि 2023 मध्ये पुन्हा. वनहक्काच्या दाव्यावरची सही मोर्चानंतरही प्रांत आणि जिल्हा समितीच्या टेबलावरच व्हायची होती.

जीव पणाला लावण्याच्या इशाऱ्यांबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. जानेवारी 2018 मध्ये धुळे जिल्ह्यातल्या एका वृद्ध शेतकऱ्याने भूसंपादनाच्या तुटपुंज्या मोबदल्यासाठी खेपा घालून थकल्यावर मंत्रालयातच टोकाचं पाऊल उचललं आणि काही दिवसांत ते गेले. त्यानंतर लवकरच मंत्रालयाच्या आत मजल्यांमधल्या मोकळ्या जागेत जाळी बांधण्यात आली. घरातलं कोणी या टोकाला आलंय असं वाटलं, तर त्यांच्या नावचा पुढचा अर्ज दुसऱ्याने लिहावा, खेपा दुसऱ्याने घालाव्यात.

तक्रार करायचीच नसते तेव्हा

वरच्या सगळ्या वाटांपेक्षा महागात पडणारी गोष्ट शेवटी सांगतो. अधिकाऱ्याने काहीच केलं नाही, ही तक्रार. अधिकाऱ्याने तुमच्याविरुद्ध लेखी आदेश केला, तर त्यावर उपाय अपील. फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतला बदल, चुकीचा मंजूर झाला, शेताच्या वाटेबाबतचा निर्णय विरोधात गेला, तर पोर्टलवर कितीही लिहा, “सक्षम प्राधिकाऱ्याकडे अपील करावे” एवढंच उत्तर येईल. महसूल संहितेत तहसीलदार किंवा मंडळ अधिकाऱ्याच्या आदेशावर साधारणपणे 60 दिवसांत प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करायचं असतं. लोकशाही दिन, आपले सरकार, पुन्हा लोकशाही दिन यात ते 60 दिवस निघून जातात आणि मग विलंब माफीच्या अर्जापासून सुरुवात करावी लागते. तक्रार दिली म्हणून अपिलाची मुदत थांबत नाही. आदेश हातात पडला त्याच दिवशी त्याच्या मागे तारीख लिहा, आणि नक्कल शाखेत प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. तक्रार लिहायची की नाही, ते त्यानंतर बघता येईल.