निरोप्याचं काम सोडलं: कुटुंब समुपदेशनाच्या ७ बैठकांनंतर

नाशिकला कॉलेज रोडच्या मागे एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, कुटुंब समुपदेशन करणाऱ्या एक बाई बसतात. फेब्रुवारी ते मे मी त्यांच्याकडे ७ वेळा गेले. ५० मिनिटांचे १,२०० रुपये. गेले होते ते झोप लागत नाही म्हणून.

झोपेबद्दल त्यांनी जेमतेम पाच मिनिटं विचारलं. मग म्हणाल्या, "झोपायच्या आधी शेवटचं बोलणं कुणाशी होतं?" आईशी. रोज रात्री साडेनऊला निफाडहून तिचा फोन. वहिनीचं असं, दादाचं तसं, "तूच सांग बाई त्याला, तुझं ऐकतो तो." मग मी दादाला फोन लावायचे, तो नुसतं "हं" करायचा आणि तेच मी साखर पेरून आईला सांगायचे. अकरा वर्षं.

बाईंनी कागदावर त्रिकोण काढला: आई, दादा, मी. दोघांतला ताण सोसेना की तिसऱ्याला मध्ये ओढलं जातं. त्या दोघांना तेवढ्यापुरतं हलकं वाटतं, पण त्यांच्यातलं काही सुटत नाही आणि तिसरा जागा राहतो. ही मांडणी मरे बोवेन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांची. १९५४ पासून बेथेस्डा इथल्या सरकारी संस्थेत त्यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबरोबर आधी त्यांच्या आयांना आणि पुढे अख्ख्या कुटुंबांना वॉर्डात राहायला आणलं. एकाची घालमेल दुसऱ्यात कशी उतरते, हे त्यांना तिथे रोजच्या वागण्यात दिसलं.

तिसऱ्या बैठकीत आमच्या तीन पिढ्यांचा नकाशा काढला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, भांडणाला नागमोडी रेघ, बोलणं बंद असेल तिथे तुटलेली रेघ. आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ विहिरीच्या पाळीवरून बोलायचे थांबले. बाबा आणि आत्या वाटणीच्या सहीवरून. आत्या गेली तेव्हा बाबा दशक्रियेलाही गेले नाहीत. पिढीगणिक एक तुटलेली रेघ होती, आणि पुढची दादाच्या चौकोनापाशी येऊन थांबली होती. मला रडू आवरेना. बाई काही बोलल्या नाहीत, आणि तेच बरं झालं.

गृहपाठ एका वाक्याचा होता: "आई, हे तू दादालाच सांग." पण फोन ठेवायचा नाही, तिच्या गुडघ्याची चौकशी करायची, बागेचं विचारायचं. आई म्हणाली, "तू पण परकी झालीस." चार दिवस तिचा फोन नाही. असं होणार हे बाईंनी आधीच सांगितलं होतं. ते चारही दिवस मीच फोन केला, कारण गप्प बसणं म्हणजे घरातली तीच जुनी रेघ पुढे ओढणं. स्वतःचं मत धरून नातंही धरायचं, याला बोवेन फार मोल देतात. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला हे कठीण जातं, पण अशक्य नाही.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पहिल्याच दिवशी बाईंनी दार लावून विचारलं, घरात मारहाण, धाक आहे का? जिथे तसं आहे तिथे "सगळ्यांचाच वाटा असतो" ही भाषा मार खाणारीवरच उलटते. हे न विचारणाऱ्या समुपदेशकाकडे जाऊ नका.

उणिवा: लिफ्ट नाही, त्यामुळे आईला नेता आलं नाही. भरायचा फॉर्म पूर्ण इंग्रजीत. रविवारी बंद, म्हणजे नोकरीवाल्यांना रजाच टाकावी लागते.

एप्रिलअखेर आईनं द्राक्षबागेच्या खरड छाटणीच्या मजुरीवरून दादाला थेट फोन लावला. वीस मिनिटं दोघं कडाकडा भांडले. मला ते तीन दिवसांनी आईकडूनच कळलं, आणि "तू सांग त्याला" असं ती एकदाही म्हणाली नाही.