पहिला मोठा सुरा: साडेसहा इंची की नऊ इंची?

रानात वापरायला मोठा सुरा घ्यायचा म्हटलं की नवखा माणूस आधी पात्याची जाडी बघतो. पाठ जितकी जाड तितकी वस्तू दणकट, असा त्याचा हिशेब असतो. माझ्या मते जाडी सगळ्यात शेवटी बघावी. आधी लांबी ठरवावी, आणि ती ठरते एकाच प्रश्नावर: हा सुरा एकटाच सगळी कामं करणार, की जोडीला छोटी सुरी आहे?

तुलनेसाठी चार सुरे घेतो. का-बार यूएसएमसी आणि ईएसईई-६ हे मधल्या मापाचे, बेकर बीके-९ आणि फिनलंडचा स्क्रामा २४० हे लांब.

का-बारला इतिहास आहे. १९४२ मध्ये अमेरिकी मरीन दलाने तो स्वीकारला आणि तेव्हापासून त्याचं रूप फारसं बदललेलं नाही: ७ इंची पातं, पुढे उतरतं टोक, चामड्याच्या चकत्यांची मूठ. हातात घेतल्यावर मोह पडतोच. पण तो लढाईसाठी आणि छावणीतल्या किरकोळ कामांसाठी बनला होता. मुठीत शिरणारं पोलाद पात्याइतकं रुंद नसून अरुंद दांडीसारखं आहे. दोरी, कापड, बारीक फांद्या यांना तो उत्तम. ओंडक्यावर पातं टेकवून पाठीवर दांडक्याचे घाव घालायचे असतील, तर मी त्याला हात लावणार नाही. चामड्याच्या चकत्या पाणी पितात, वाळल्या की आक्रसतात, म्हणून त्यांना अधूनमधून तेल-मेणही लागतं.

ईएसईई-६ चं पातं साडेसहा इंचांचं, पाठ ४.८ मिलिमीटर, वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आत. पात्याचं पोलाद पूर्ण रुंदीने मुठीच्या शेवटापर्यंत जातं आणि मुठीच्या दोन्ही फळ्या त्यावर स्क्रूने बसवलेल्या असतात. त्यामुळे मूठ उघडून आतला गंज बघता येतो, ही सोय दिसते त्यापेक्षा मोठी आहे. पातं मोडलं तर कंपनी कारण न विचारता बदलून देते, ही त्यांची जाहीर हमी. रूप साधं, जवळजवळ कंटाळवाणं. पण एकच सुरा घेऊन निघायचं असेल तर मी हाच उचलेन.

आता लांब पाती. बीके-९ चं पातं ९ इंचांचं, जाडी ईएसईई-६ इतकीच, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. इथे अडीच इंचांचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, फांदीवर वाटत नाही. घावाचा जोर वजनावर अवलंबून असतो, पण वेगावर त्याहून जास्त. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. मनगट तितकंच फिरलं तरी लांब पात्याचं टोक जास्त वेगाने येतं. मनगटाएवढी फांदी मधल्या मापाच्या सुऱ्याने तोडताना पातं लाकडात शिरून अडकतं, आणि दर घावाला ते हलवून सोडवावं लागतं. लांब पात्याने दोन तिरके घाव घातले की मधली ढलपी सुटून उडते.

हे दुकानातही तपासता येतं. सुरा आडवा धरून मुठीच्या जरा पुढे पात्याखाली एक बोट ठेवा. तो पुढे झुकला तर वजन पात्यात आहे, म्हणजे घाव चांगले बसतील. मुठीकडे झुकला तर बारीक कामात हात कमी थकेल.

ओंडके चिरण्यातही लांबीच लागते. दांडक्याने ठोकायला पात्याचं टोक पलीकडे निदान ५ सेंटिमीटर बाहेर राहायला हवं. साडेसहा इंच म्हणजे साधारण साडेसोळा सेंटिमीटर, तेव्हा ओंडका फार तर ११ सेंटिमीटरचा. नऊ इंचांत १७ सेंटिमीटरपर्यंत जाता येतं.

मग लांब पातं कुठे मार खातं? बारीक कामात. खुंटीला खाच पाडायची, काठीला टोक काढायचं, आग पेटवायला लाकडाचे पातळ कुरळे काढायचे, तेव्हा पुढे लोंबणारं वजन मनगट दुखवतं. यावर स्क्रामाने काढलेली तोड मला चारही सुऱ्यांत सगळ्यात हुशार वाटते. त्याच्या २४० मिलिमीटर पात्याचा मुठीजवळचा भाग बारीक कोनात घासलेला आहे, तासण्यासाठी. पुढचा भाग जाड कोनाचा, घावांसाठी. मूठ लांब असल्याने तासताना पुढे धरता येते, तोडताना मागे. दिसायला ओबडधोबड आहे खरा, पण एकाच पात्यात दोन कामं बसवायचा हा प्रामाणिक प्रयत्न आहे.

जाडीकडे येतो. रुंदी तीच ठेवून पाठ जाड केली की पाचरीचा कोन वाढतो. सुक्या लाकडात खाच पाडताना हे लगेच दिसतं: पातळ पातं लांब, वळत जाणारी ढलपी काढतं; जाड पातं थोडं शिरून लाकूड फाडतं आणि ढलपी तुटते. जाड पाचरीचा फायदा ओंडका दुभंगताना होतो, एवढंच. स्वीडनच्या फेल्कनिवेन ए-१ ची पाठ ६ मिलिमीटर आहे आणि पातं १६ सेंटिमीटर. सुरा अव्वल दर्जाचा आणि त्याची बहिर्गोल घासणी सुंदर. पण त्या लांबीला इतकी जाडी म्हणजे घावाला आखूड आणि तासायला जड. दुसरा-तिसरा सुरा म्हणून खुशाल घ्या.

पोलादावरून लोक तासन्‌तास भांडतात. मोठ्या सुऱ्यात त्याला एवढं महत्त्व नाही, कारण इथे धार किती दिवस टिकते यापेक्षा घावात तुकडा उडतो का हे महत्त्वाचं. ईएसईई १०९५ वापरते, म्हणजे सुमारे ०.९५ टक्के कार्बन. का-बार आणि बीके-९ मध्ये त्याच जातीचं, किंचित क्रोमियम-व्हॅनेडियम घातलेलं पोलाद आहे. स्क्रामाचं ८०सीआरव्ही२, कार्बन ०.८ टक्क्यांच्या आसपास आणि मार खायला जास्त चिवट. चारही गंजतात. स्टेनलेस म्हणवायला निदान साडेदहा टक्के क्रोमियम लागतं, ते यांत कुठेच नाही. पात्यावर काळा लेप असेल तर तो पाठ आणि बाजू वाचवतो, धार मात्र उघडीच असते. दमट हवेत ओला सुरा रात्रभर ठेवला तर सकाळी धारेवर तांबूस रेघ दिसू शकते. पुसून तेलाचा हात फिरवणं जमणार नसेल, किंवा वापर खाऱ्या पाण्याजवळ असेल, तर ही चारही नावं सोडून स्टेनलेसकडे वळा.

कार्बन पोलादाशिवाय फेरो रॉडवर, म्हणजे आग पेटवायला खरवडायच्या धातूच्या कांडीवर, ठिणगी पडत नाही, असंही ऐकायला मिळतं. तसं काही नाही. पाठीची कड चौरस आणि तीक्ष्ण असली की स्टेनलेसही चालतं. मात्र पाठीवर लेप असेल तर तेवढ्या जागेपुरता तो घासून काढावा लागतो.

पाठीवर करवतीचे दात असलेले आणि पोकळ मुठीत सामान ठेवायची सोय असलेले सुरे बघूच नका. त्या दातांवर दांडकं आपटता येत नाही, आणि पोकळ मुठीचा सांधा नेमका जोराच्या जागी कच्चा असतो.

म्यानात चामडं देखणं आणि आवाज न करणारं, पण ओल धरतं. घरी ठेवताना सुरा चामड्यातून काढून ठेवावा. कडक प्लास्टिकचं म्यान खडखडतं, तरी खाली पाणी निथळायला भोक असेल तर पहिल्या सुऱ्याला तेच बरं.

तर छोटी सुरी आधीच असेल, तर बीके-९ किंवा स्क्रामा. तासायचं कामही त्याच्याकडूनच करून घ्यायचं असेल तर स्क्रामा. दुसरं काहीच नसेल, तर ईएसईई-६. का-बार आवडतोच म्हणून घ्यायचा असेल तर घ्या, फक्त त्याच्या पाठीवर दांडकं मारू नका. लांब पाती बाळगण्याचे नियम ठिकाणागणिक वेगळे असतात आणि ९ इंच कुठे कुठे मर्यादेबाहेर जातात, तेव्हा ते आधी बघून घ्या. निसणाही त्याच वेळी घ्या. नव्या सुऱ्याची धार बऱ्याचदा जाड कोनाची असते आणि पहिल्याच आठवड्यात तो कोन कमी करावासा वाटतो.