हमिंगबर्ड फीडर: काच चांगली, बसायला जागा नाही (५ पैकी ३ तारे)

खोक्यावर हमिंगबर्डचा फोटो आहे आणि साखरपाणी पाजायची ही बाटली खरोखर त्याच्याच मापाची आहे. अडचण एवढीच की हा पक्षी फक्त अमेरिका खंडांत असतो. साडेतीनशेच्या वर जाती, पण भारतात एकही नाही. साताऱ्यात येतो तो शिंजीर. तसाच चकाकतो, तसाच फुलातला मध पितो, म्हणून लोक फसतात. नातं मात्र काही नाही. शिंजीर चिमणी-कावळ्याच्या गणातला, हमिंगबर्ड पाकोळीच्या जवळचा.

आता मुद्द्याचं. या बाटलीला बसायला दांडीच नाही. मध्य अमेरिकेच्या जंगलातला लांब चोचीचा हर्मिट हमिंगबर्ड हवेत जागच्या जागी पंख मारत हेलिकोनियाच्या फुलात चोच घालतो. फुलाचा बाक आणि चोचीचा बाक जुळतो. एकाच झाडाची राखण करत न बसता तो रानभर विखुरलेल्या फुलांची ठरलेली फेरी मारतो. त्याला दांडी कशाला हवी? आमच्या गोडोलीच्या गॅलरीतला जांभळा शिंजीर बाटलीपुढे क्षणभर फडफडला आणि सरळ कपड्यांच्या तारेवर जाऊन बसला. शेवटी भोकांखाली खराट्याची काडी तारेने बांधली, तेव्हा कुठे मादी आली. काडी घट्ट धरून, मान तिरकी करून प्यायली. ही मादी अंगाने साधी, पोटाकडे पिवळट. कोळ्याच्या जाळ्याने विणलेलं तिचं लोंबतं घरटं आमच्या बेलच्या वायरला आहे. हर्मिटची मादीही कोळ्याचंच जाळं वापरते, पण घरटं पानाच्या टोकाला खालून चिकटवते.

काच जाड आहे, तोंड रुंद आहे, घासायला सोपी. साखर एक भाग, पाणी चार भाग, बस्स. रंग, मध, गूळ काही घालू नका. उन्हाळ्यात पाणी दिवसाआड बदला, नाहीतर आंबतं. मुंग्या अडवायला वरती पाण्याची वाटी हवी होती, ती दिलेली नाही. "साखर काय भाव झालीय, आणि तू मुंगळ्यांना पाजतेस?" इति सासूबाई.

बाटली घ्यायचीच तर दांडीवाली बघून घ्या. जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत जागा असेल तर त्यापेक्षा हमेलिया (एक फुलझुडूप) लावा. तीही मूळची अमेरिकेचीच, तिकडे तिच्यावर हमिंगबर्ड येतात. इथे शिंजिराला बसायला फांदी आयती मिळते, आणि साखरेचा खर्च शून्य.