कडीपाटावर लॅमिनेट: तीन अंडरले आणि त्याआधीची सुतारकी

अंडरलेच्या, म्हणजे लॅमिनेट फ्लोअरिंगखाली अंथरायच्या पातळ थराच्या, पाकिटावर ‘आवाजात २० डेसिबल घट’ असं छापलेलं असतं. असे आकडे प्रयोगशाळेत सुमारे १४० मिलिमीटर जाडीच्या काँक्रीट स्लॅबवर मोजतात. गिरगावच्या जुन्या चाळीत स्लॅब कुठला? कड्या आणि त्यावर ठोकलेल्या इंचभर फळ्या, म्हणजे कडीपाट. अशा हलक्या जमिनीतून पावलांची धमधम खाली जाते आणि नेमकी तीच पातळ अंडरलेला दाद देत नाही. म्हणून इथे पाकिटावरचे आकडे धरलेले नाहीत.

पांढरा फोम, म्हणजे २-३ मिमीचा ईपीई (पॉलिथिनचा मऊ फोम), ठेकेदार बहुधा लॅमिनेटसोबत ‘फ्री’ देतात. कपाटाच्या पायाखाली तो चपटा होतो, मग तिथलं क्लिक-लॉक (लॅमिनेटच्या पट्ट्या एकमेकींत अडकवणारा सांधा) हलतं आणि करकर सुरू होते. नापास. ३ मिमी एक्सपीएस (पॉलिस्टायरीनचा घट्ट फोम) दाबाला टिकतं, लॉक सांभाळतं. आवाजाच्या बाबतीत मात्र जेमतेम. ३ मिमी रबर-कॉर्क जड आणि महाग, पण चालताना खोलीत येणारा पोकळ टकटक आवाज तेच खरं मारतं. कडीपाटासाठी पसंती त्यालाच. (पुढे कधी विनाइल टाकणार असाल तर रबर नको, डाग पडतात.)

जमीन सपाट करणं हे मात्र यातल्या एकाचंही काम नाही. खड्डा झाकायला अंडरलेचे दोन थर घालणं ही नेहमीची चूक. खाली मऊ झालं की पाय पडेल तिथे लॉक तुटतं. दोन मीटरची सरळ पट्टी फिरवून पाहा, खाली ३ मिमीपेक्षा जास्त फट नको. संपूर्ण खोलीला एकाच बाजूला थोडा उतार असेल तर चालतो, उंचवटे चालत नाहीत.

आधी वाळवी आणि कुजलेल्या कड्या तपासा. कडी मधोमध झोल खात असेल तर काम थांबवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. सैल फळ्या कडीत ५×६० मिमी स्क्रूने आवळा. जुना सागवान कठीण, ३ मिमीचं भोक आधी पाडलं नाही तर स्क्रू तुटतो. वर आलेले खिळे ठोकून आत बसवा, मगच उचललेल्या कडांवर रंधा मारा. फळ्यांमधल्या फटी अॅक्रिलिक सीलंटने बुजवा. खालच्यांचं बोलणं वर आणि वरचा कचरा खाली, दोन्ही त्याच वाटेने जातात. खोलगट जागी ३ मिमी, ६ मिमी प्लायच्या पट्ट्यांच्या पायऱ्या करा.

सेल्फ-लेव्हलिंग, म्हणजे ओतल्यावर आपोआप सपाट पसरणारं, सिमेंट इथे टाळाच. लाकूड हलतं, थर तडकतो. शिवाय १० मिमी थराचं वजन १०० चौरस फुटांवर दीडशे किलोच्या वर जातं.

सपाट केलेल्या फळ्यांवर १२ मिमी बीडब्ल्यूआर (पाणी सोसणारा) प्लाय, लांब बाजू फळ्यांना आडवी, सांधे चुकवून. १०० चौरस फुटांना ८×४ चे चार शीट आणि साधारण ३०० स्क्रू: कडेला दर १५० मिमीवर, मध्ये ३०० मिमीवर. स्क्रू ३० मिमीचेच घ्या. जास्त लांब घेतले तर टोकं खालच्या शेजाऱ्याच्या छतातून बाहेर येतील, कारण तुमच्या फळ्या हेच त्याचं छत. कड्या मजबूत असतील तर प्लायऐवजी बायसन पॅनेल (सिमेंट आणि लाकडाच्या भुशाचा बोर्ड) घ्या. वजन जवळपास दुप्पट, म्हणून आवाजही जास्त अडतो. कापताना धूळ भरपूर उडते.

वाड्यात फळ्यांवर मातीचा थर असेल तर तो ‘वजन कमी करू’ म्हणून काढू नका. आवाज अडवणारं वजन तेच आहे.

धमधम खरोखर कमी करायची तर उपाय खालच्या बाजूने आहे: कड्यांमध्ये ५० मिमी रॉकवूल (दगडी तंतूंची गादी) आणि त्याखाली जिप्सम बोर्डचे दोन थर. अर्थात शेजारी तयार हवेत.

प्लाय आणि लॅमिनेट दोन्ही भिंतीपासून १० मिमी दूर ठेवा. लॅमिनेटची पाकिटं ४८ तास खोलीत ठेवून मग उघडा. कोकणपट्टीत ऐन पावसाळ्यात हे काम नको. प्लाय, अंडरले आणि लॅमिनेट मिळून जमीन सुमारे २३ मिमी वर येते, म्हणून दारं आधीच कापून घ्या. स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) भिंतीलाच ठोका आणि जमिनीपासून २ मिमी वर ठेवा; टेकलं तर आवाज थेट भिंतीत उतरतो.